पाटी कोणाची, फळा कोणाचा?

प्रोग्रामिंग शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस "ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीचे चार खांब कोणते?" असा प्रश्न घातला असतां उत्तर एका श्वासांत येतें : एन्कॅप्स्युलेशन, अ‍ॅब्स्ट्रॅक्शन, इन्हेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम. व्याख्याहि बिनचूक येतात. स्वल्पविरामसुद्धां पुस्तकांतल्याच जागीं पडतो. पण त्याच मुलापुढें पांच ओळींचा प्रोग्राम ठेवून "हा चालविला तर पडद्यावर काय उमटेल, आणि कां?" असें विचारलें, तर तो छताकडे पाहूं लागतो. हा दोष मुलांचा आहे असें मला मुळींच वाटत नाहीं. खांब मोजावयास शिकविणारे आम्ही शिक्षक. त्या खांबांस आंतून वाळवी कोठें लागते तें दाखविण्याचें काम आम्हीं हातीं घेतलेंच नाहीं. मींहि घेतलें नव्हतें. तें कां घ्यावें लागलें तें प्रथम सांगतों, आणि तें पालकांनींहि ऐकावें अशी विनंति आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्याकडे एका वर्गाची हजेरी होती. शाईच्या पटावरून दर महिन्याचा गोषवारा काढणें हें कंटाळवाणें काम. तें यंत्राकडून करून घ्यावें म्हणून मीं पायथन भाषेंत एक लहानसा प्रोग्राम लिहिला. त्यांत 'विद्यार्थी' नांवाचा एक क्लास होता. ज्यांस ही परिभाषा नवी आहे त्यांच्यासाठीं एवढेंच सांगतों कीं, क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यांतून निघालेली वस्तु. नाताळच्या आधीं आपल्या घरोघर करंज्यांचा साचा बाहेर निघतो. साचा एक, करंज्या पुष्कळ, आणि सारण प्रत्येकीचें तिच्या पोटांत. माझ्या साच्यांतून सुमारें चाळीस ऑब्जेक्ट निघाले. प्रत्येकापाशीं विद्यार्थ्याचें नांव, आणि तो ज्या दिवशीं आला नाहीं त्या तारखांची यादी.

ज्या मुलांचे पूर्वीचे खाडे होते त्यांच्या याद्या मीं पटावरून भरून दिल्या. जीं मुलें जूनपासून एक दिवसहि चुकलीं नव्हतीं त्यांच्यासाठीं भरावयाचें असें कांहींच नव्हतें. म्हणून प्रोग्रामांत अशी सोय केली कीं, यादी न दिल्यास ती रिकामी समजावी. अशीं मुलें तीन होतीं. ही सोय मोठी सुटसुटीत दिसली, आणि खरें सांगावयाचें तर मला तिचा थोडा अभिमानहि वाटला.

दिवाळीच्या सुटीनंतर या तिघांपैकीं एक मुलगा तापानें आजारी पडून चार दिवस शाळेंत आला नाहीं. महिनाअखेर गोषवारा छापून निघाला, त्यांत तिघांच्याहि नांवापुढें चार दिवसांची गैरहजेरी होती. त्या तिघांत एक मुलगी होती. दूरच्या वस्तीवरून सायकलीनें येणारी, भर पावसांतहि न चुकणारी. वार्षिक समारंभांतलें पूर्ण हजेरीचें बक्षीस तिचेंच असें सगळा वर्ग धरून चालला होता. ती येऊन म्हणाली, "सर, मी एकहि दिवस घरीं राहिलें नाहीं." मीं कागद पुढें केला आणि म्हटलें, "यंत्र कोणाचा पक्ष घेत नाहीं, बाळ. उद्यां वडिलांना घेऊन ये." हें वाक्य आठवलें कीं मला आजहि लाज वाटते.

तिचे वडील गवंडीकाम करणारे. अर्ध्या दिवसाचा रोज बुडवून ते आले. मीं चारहि तारखा वाचून दाखविल्या. कांहीं वेळ ते त्या छापील कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "सर, कागद खोटा कसा असंल? पोरीचं चुकलं, पदरात घ्या." मुलगी खालीं मान घालून उभी होती. तिच्या शब्दावर तिच्या बापाचाहि विश्वास राहिला नाहीं, तो माझ्यामुळें.

दोन दिवसांनीं तिसऱ्या मुलाची आई तीच तक्रार घेऊन आली, तेव्हां मीं शाईचा पट उघडला. त्या चारहि दिवशीं त्या दोघांच्या नांवापुढें माझ्याच हातचा 'ह' होता. त्याच संध्याकाळीं मी गवंड्याच्या घरीं गेलों आणि मुलीच्या देखत दोघांची क्षमा मागितली. त्यांनीं चहा केला. प्रोग्रामविषयीं कोणीं कांहीं विचारलें नाहीं. विचारलें असतें तरी त्या वेळीं मला सांगतां आलें नसतें, कारण चूक कोठें आहे तें मलाहि ठाऊक नव्हतें. तें शोधण्यांत माझी ती रात्र गेली.

माझी समजूत अशी होती कीं, 'यादी न दिल्यास रिकामी' असें लिहिलें म्हणजे दर नव्या मुलाला एकेक कोरी पाटी मिळेल. पायथन तसें करीत नाहीं. फंक्शनची व्याख्या जेव्हां प्रथम अंमलांत येते तेव्हांच ती रिकामी यादी एकदां तयार होते व त्या फंक्शनपाशीं जपून ठेविली जाते. पुढें ज्या ज्या वेळीं कोणी यादी देत नाहीं त्या त्या वेळीं तीच जुनी यादी पुढें केली जाते. तिघांस तीन पाट्या मिळाल्या नव्हत्या. दाराशीं टांगलेली एकच पाटी तिघांची झाली होती. आजारी मुलाचे चार दिवस तिच्यावर लिहिले गेले, आणि ते तिघांच्याहि नांवें लागले. ज्याच्या नांवावर पूर्वीचा एक तरी खाडा होता त्याची पाटी त्याची स्वतःची होती. त्यास कांहीं झालें नाहीं. सांपळ्यांत सांपडलीं तीं नेमकीं कधींहि न चुकणारीं मुलें. दुरुस्ति दोन ओळींची : यादीच्या जागीं 'कांहीं नाहीं' अशी खूण ठेवावी आणि ऑब्जेक्ट घडत असतांना आंत नवी यादी करावी.

याच जातीचा दुसरा एक सांपळा आहे, तो याहूनहि फसवा. क्लासच्या अंगावर लिहिलेली गोष्ट म्हणजे वर्गाचा फळा, आणि ऑब्जेक्टच्या अंगावरची म्हणजे मुलाची पाटी, असें समजा. मुलाला कांहीं विचारलें तर पायथन आधीं त्याच्या पाटीवर पाहते. तेथें नसल्यास वर्गाच्या फळ्यावर. तेथेंहि नसल्यास ज्या क्लासचा वारसा घेतला त्याच्या फळ्यावर. वाचण्याच्या कामीं ही पायरीपायरीची शोधाशोध फार सोयीची. लिहिण्याचा नियम मात्र निराळा. 'माझें अमुक बरोबर तमुक' असें लिहिलें कीं तें सरळ स्वतःच्या पाटीवर उमटतें, फळ्यास धक्का लागत नाहीं. म्हणून फळ्यावर शून्य हा आंकडा असला आणि मुलानें त्यांत एक मिळविला, तर शून्य फळ्यावरून वाचलें जातें व एक मात्र त्याच्या पाटीवर लिहिला जातो. सर्व कांहीं ठीक दिसतें. पण फळ्यावर यादी असली आणि मुलानें 'तिच्यांत ही तारीख जोड' म्हटलें, तर पाटीवर लिहिणें झालेंच नाहीं. फळ्यावरचीच यादी वाढली आणि ती सर्वांची वाढली. आंकड्याच्या बाबतींत चाललेली रीति यादीच्या बाबतींत दगा देते, आणि विद्यार्थी काकुळतीनें म्हणतो, "सर, काल तर चाललें होतें!" चाललें होतें हें खरें. कां चाललें होतें तें कोणींच विचारलें नव्हतें.

ही पद्धति कांहीं आजची नव्हे. नॉर्वे देशांत ऑस्लो येथें ओले-योहान डाल व क्रिस्टेन न्यूगार्ड यांनीं रांगा, वाहतूक अशा व्यवहारांची नक्कल यंत्रावर करून पाहण्यासाठीं 'सिम्युला ६७' ही भाषा रचली. क्लास आणि त्याचा वारस-क्लास या कल्पना तींत प्रथम आल्या. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत अ‍ॅलन के व त्यांचे सहकारी यांनीं स्मॉलटॉक रचली. १९७९ पासून ब्यार्ने स्ट्रॉउस्ट्रुप यांनीं सी भाषेवर क्लासचें कलम बांधलें, त्याचें सी-प्लस-प्लस झालें. पुढें १९९१ त पायथन आणि १९९५ त जावा. डाल व न्यूगार्ड यांस २००१ चें ट्युरिंग पारितोषिक मिळालें, आणि पुढच्याच वर्षीं दोघेहि निवर्तले. या थोर पुरुषांनीं दिलेल्या हत्यारांची मी निंदा करीत नाहीं. पटाशी धारदार आहे म्हणून सुतार तिला नांवें ठेवीत नाहीं. पण शिकाऊ पोराच्या हातीं देतांना धार कोणत्या बाजूस आहे तें सांगतो.

सर्वांत जपून वापरावयाचें हत्यार म्हणजे इन्हेरिटन्स, अर्थात् वारसा. आणि आम्ही नेमकें तेंच पहिल्या कांहीं आठवड्यांत मोठ्या कौतुकानें शिकवितों. 'कुत्रा हा प्राणी आहे, म्हणून कुत्रा हा क्लास प्राणी या क्लासचा वारस.' फळ्यावर हें चित्र सुंदर दिसतें. पण ज्यांनीं गांवांत वाटणीचे तंटे पाहिले आहेत त्या पालकांस सांगावयास नको कीं, वारशांत बांधावरची भांडणेंहि येतात, आणि नको तेवढा भाग परत करितां येत नाहीं.

जावा भाषेंतलें एक उदाहरण घेऊं. तींत 'स्टॅक' म्हणून एक क्लास आहे. स्टॅक म्हणजे चळत. वसतिगृहांत जेवणानंतर ताटें धुऊन एकावर एक रचतात. ठेवणारा वरच ठेवितो, घेणारा वरचेंच घेतो. चळतीचा धर्म एवढाच. परंतु १९९६ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून हा स्टॅक 'व्हेक्टर' नांवाच्या क्लासचा वारस करून ठेविला आहे, आणि व्हेक्टरमध्यें तर कोणत्याहि जागीं वस्तु घालतां येते व कोठूनहि काढतां येते. तो अधिकार वारशानें चळतीकडे आला. आतां चळतीच्या तळचें ताट कोणीं ओढलें तर भाषा त्यास अडवीत नाहीं. ही गोष्ट पुढें सर्वांच्या ध्यानांत आली; जावाच्या अधिकृत माहितींतच या कामासाठीं 'डेक' हा निराळा प्रकार घ्यावा असें सुचविलें आहे. तरी तो वारसा अजून तसाच आहे, कारण तोडावा तर त्यावर विसंबलेले जुने प्रोग्राम मोडतील. व्हेक्टर पोटांत ठेवून बाहेर फक्त 'वर ठेव' आणि 'वरचें घे' एवढींच दारें उघडीं ठेविलीं असतीं तर हा प्रसंग आला नसता. गामा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडेस या चौघांनीं १९९४ सालच्या 'डिझाइन पॅटर्न्स' या ग्रंथांत वारशापेक्षां या पोटांत ठेवण्याच्या रीतीलाच पसंति दिली आहे. त्याला ३० वर्षें होऊन गेलीं, आणि आमच्या फळ्यावरचा कुत्रा अजून प्राण्याचा वारस आहेच!

भूमिति शिकलेल्या मुलांस याहून चमत्कारिक वाटेल अशी एक गोष्ट आहे. चौरस हा आयत आहे, हें आपण लहानपणापासून म्हणत आलों. म्हणून 'चौरस' हा क्लास 'आयत' या क्लासचा वारस करावा हें सरळ दिसतें. आतां कोणीं आयतासाठीं एक फंक्शन लिहिलें : रुंदी दुप्पट कर. ५ लांब व ५ रुंद असा आयत दिला तर रुंदी १० होते, क्षेत्रफळ २५ चें ५० होतें, आणि लिहिणारा त्यावर विसंबून पुढचा हिशेब करितो. त्याच जागीं वारस म्हणून चौरस आला. चौरसाची रुंदी १० केली कीं लांबीहि १० व्हावयास हवी, नाहीं तर तो चौरस राहिला नाहीं. क्षेत्रफळ १०० झालें आणि हिशेब चुकला. कागदावरचा चौरस काढल्यावर बदलत नाहीं, यंत्रांतला बदलतो. सारा घोटाळा एवढ्यांत आहे. बार्बरा लिस्कोव्ह या अमेरिकन विदुषींनीं १९८७ सालीं एका व्याख्यानांत या विषयाचा ऊहापोह केला. त्यांचें म्हणणें आपल्या भाषेंत असें सांगतां येईल कीं, वारसाला वडिलांच्या जागीं बसविलें असतां वडिलांवर विसंबलेल्या कोणाचाहि अपेक्षाभंग होऊं नये. तो होत असेल तर नांव वारसाचें असलें तरी नातें खरें नव्हे.

पॉलिमॉर्फिझमविषयीं जातांजातां एकच सांगतों. पायथनसारखी भाषा येणाऱ्यास "तूं कोणाचा?" असें सहसा विचारीत नाहीं, हाक मारली असतां 'ओ' दिली म्हणजे तिला पुरे. इसहाकानें आवाज याकोबाचा ओळखला होता, तरी हातांवरचे केस चाचपून आशीर्वाद एसावाचा म्हणून देऊन टाकिला. आमचे प्रोग्राम हें रोज करितात, आणि बहुधा त्यांत कांहीं बिघडत नाहीं. बिघडतें त्या दिवशीं मात्र आशीर्वाद परत घेतां येत नाहीं.

आणखी एक गोष्ट अशी आहे कीं ती भाषा बदलली कीं बदलते. वारस-ऑब्जेक्ट घडतांना आधीं पाया, म्हणजे वडिलांचा भाग, बांधला जातो, आणि मग वरचा मजला. पाया बांधणाऱ्या गवंड्यानें मध्येंच "घराचें नांव काय?" अशी हाक मारली, आणि नांव सांगण्याची रीति वरच्या मजल्यानें आपली निराळी केलेली असली, तर उत्तर कोण देणार? सी-प्लस-प्लसमध्यें उत्तर पायाच देतो, कारण वरचा मजला अजून नाहीं. जावामध्यें उत्तर वरच्या मजल्याकडून येतें, पण तेथें सामान आलेलें नसतें. नांवाच्या जागीं रिकामें आणि आंकड्याच्या जागीं शून्य मिळतें. दोन्ही भाषांतला मजकूर पाहिला तर जवळजवळ एकच. दहा व्याख्या पाठ केलेल्या मुलाला हें व्याख्यांवरून कधींहि कळणार नाहीं. घर कोणत्या क्रमानें उभें राहतें तें ज्यानें एकदां कागदावर काढून पाहिलें त्याला कळेल.

असल्या बारकाव्यांनीं काय मोठें बिघडतें, असें कोणी म्हणेल. ४ जून १९९६ रोजीं दक्षिण अमेरिकेंत फ्रेंच गयानामधील कुरू येथून युरोपचें 'आरियान ५' हें नवें रॉकेट प्रथमच सुटलें. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेंतील प्रोग्राम 'आरियान ४' या जुन्या रॉकेटावरून घेतलेला होता. ती भाषा 'एडा' होती आणि तेथें क्लासचा वारसा नव्हता, हें कबूल करितों. पण तयार वस्तु आंत न पाहतां उचलावी, तिचाच हा प्रकार. त्या प्रोग्रामांतला एक भाग नव्या रॉकेटाला उड्डाणानंतर कांहींच उपयोगाचा नव्हता. तो जुन्यांत होता म्हणून नव्यांतहि चालू राहिला. नवें रॉकेट जुन्याहून वेगवान्. वेगाशीं निगडित एक आंकडा ६४ बिटांच्या जागेंतून १६ बिटांच्या जागेंत बसवावयाचा होता. अशा जागेंत ३२७६७ हून मोठी संख्या मावत नाहीं. तो आंकडा मावला नाहीं. यंत्र थांबलें, त्याच्या मदतीस ठेविलेलें दुसरें यंत्रहि त्याच प्रोग्रामामुळें थांबलें, आणि सुमारें ४० सेकंदांत रॉकेट त्यांतील चार शास्त्रीय उपग्रहांसह नष्ट झालें. जुन्या घरीं तोच प्रोग्राम निर्दोष चालला होता.

आमचे एक स्नेही म्हणतात, "मोटार चालवावयास इंजिन उघडावें लागत नाहीं, मुलांस आधीं चालवूं द्या, आंतलें मागाहून शिकतील." त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. पहिल्याच दिवशीं आंतलीं चक्रें दाखविलीं तर कितीएक मुलें घाबरून पळतील. पण आमचीं मुलें मोटारींत बसणारीं नव्हेत, मोटार बांधावयास शिकणारीं आहेत. आणि तें 'मागाहून' बारावी झाली तरी उजाडत नाहीं. कांहीं पालक विचारितात, "परीक्षेंत गुण पडतात ना?" पडतात. माझ्या त्या हजेरीच्या प्रोग्रामालाहि कोणत्याहि परीक्षकानें चांगले गुण दिले असते. आणि हल्लीं तर असें म्हणणारे पुष्कळ भेटतात कीं, यंत्रच मागाल तो प्रोग्राम लिहून देतें, मग शिकावयाचें कशाला? यंत्र लिहून देतें हें खरें, आणि पुष्कळदां चांगलेंहि लिहितें. पण त्यानें दिलेल्या कागदावर सही करणारा माणूसच असतो, आणि न वाचतां सही केल्यास काय होतें तें मीं एका बापाच्या तोंडावर पाहिलें आहे.

म्हणून माझें मत असें आहे कीं, चार खांबांच्या व्याख्या वर्षाच्या अखेरीस द्याव्या. आरंभींच्या दिवसांत मुलांनीं यंत्राला हात न लावतां कागदावर चौकटी काढाव्या : ही पाटी, हा फळा, हा बाण येथून तेथें. दोन नांवें एकाच वस्तूकडे बोट दाखवीत असलीं तर तीं कोणतीं, हें बोटानें दाखवावें. मग प्रोग्राम चालवावा, आणि आपलें उत्तर चुकलें तर यंत्राला दोष देण्याआधीं आपलें चित्र खोडावें. वारसा शेवटीं शिकवावा, आणि शिकवितांना 'येथें वारसा नकोच' असें ज्यांचें उत्तर आहे अशींहि कांहीं उदाहरणें द्यावीं. पालकांस एवढीच विनंति कीं, मुलाचा प्रोग्राम चालतो असें ऐकून लगेच शाबासकी देऊं नये. "तो कां चालतो तें मला काढून दाखव" असें म्हणावें. तुम्हांस संगणकाचें ज्ञान नसलें तरी चालेल. मुलाला सांगतां येतें कीं नाहीं एवढें तुम्हांस नक्की कळेल.

या वर्षीं चाचणींत मीं माझा तोच जुना प्रोग्राम, त्यांतल्या चुकीसकट, प्रश्न म्हणून घातला होता. बऱ्याच मुलांनीं दोन-दोन पानें लिहिलीं आणि इन्हेरिटन्सची व्याख्याहि दिली, जरी त्यांत इन्हेरिटन्स कोठेंच नव्हता. एका मुलानें फक्त चित्र काढलें : तीन मुलें, एक पाटी, आणि तिच्याकडे गेलेले तीन बाण. खालीं एक शब्दहि लिहिला नव्हता. मीं त्याला पूर्ण गुण दिले.